पानिपत जिंकलंत, पण वाटणी कशी करणार?

इतिहास बदलून गोष्टी लिहिणाऱ्या मंडळींशी माझं भांडण आहे. हो, भांडणच. चौतीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला, त्यामुळे मध्येच आवाज चढला तर समजून घ्या. सवय आहे ती, आता कुठे जाणार!

"असं झालं असतं तर?" या जातीच्या कथा-कादंबऱ्या हल्ली बऱ्याच लिहिल्या जातात. आमच्या घरातही एक लिहिली जाते आहे. माझ्या पुतण्याची मुलगी नोकरी सांभाळून रात्री लिहीत बसते आणि "आजी, तुला इतिहास येतो ना, मग शोधून दे" म्हणून मला कामाला लावते. (मला कामाला लावलेलं आवडतं हे तिला पक्कं ठाऊक आहे.) तिच्या कादंबरीत एका सरदार घराण्याची वारसाची भानगड आहे. त्यापायी मी हिंदू वारसा कायद्याची जुनी पुस्तकं चाळायला लागले आणि त्याच ओघात या प्रकारच्या जेवढ्या गोष्टी हाताला लागल्या तेवढ्या वाचल्या. त्यानंतर जे साठलं ते आज इथे उतरवते आहे.

सांगायचं ते एवढंच : या लेखकांना लढाई बदलता येते, पण वाटणी बदलता येत नाही. कारण मुळात वाटणी कशी होत होती तेच त्यांनी वाचलेलं नसतं. आणि आपल्या इतिहासात राज्यं जेवढी तलवारीने फिरली, तेवढीच वारसाने फिरली.

दिवंगत डॉ. जयंत नारळीकरांची पानिपतावरची कथा बहुतेकांनी वाचली असेल, प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंड्यांची. तीत विश्वासरावांना लागलेली गोळी कानाजवळून निघून जाते आणि तिथून पुढचा सगळा इतिहास वेगळा होतो. नारळीकर पडले शास्त्रज्ञ. एकच गोष्ट बदलायची आणि बाकीचं सगळं तिच्यामागून तर्काने चालत येऊ द्यायचं, ही त्यांची शिस्त. त्यांच्या मागून आलेल्यांनी गोळी तेवढी उचलली, शिस्त तिथेच ठेवली.

आता मी वह्या तपासायला घेते. लाल पेन अजून आहे माझ्याकडे.

चूक पहिली : थोरल्याला सगळं. "थोरला मुलगा म्हणून सारी दौलत त्याची, धाकटा हात चोळत बसला." असं वाक्य मी किती ठिकाणी वाचलं त्याला गणती नाही. अहो, हे इंग्लंडातल्या जमीनदारांचं. मृत्युपत्र न करता वारलेल्या माणसाची जमीन थोरल्या मुलाला, हा तिथला जुना नियम १९२५ च्या कायद्याने गेला. आपल्याकडे वडिलोपार्जित मिळकतीत सगळ्या मुलांचे वाटे सारखे. थोरल्याला मान असे, पान असे, कुठे कुठे वडीलकीचा म्हणून थोडा जास्त भाग असे. पण "सारी दौलत" नव्हे. राजपद, सरंजाम यांची गोष्ट निराळी. त्यांची वाटणी होत नाही, ती एकाकडेच जातात. वतनं मात्र भावाभावांत वाटली जात, पाटीलकीसुद्धा वाटली जाई. म्हणजे एकाच घरात तीन मिळकती असतील तर त्यांचे तीन वेगळे नियम! कादंबरीला याहून सुपीक जमीन कुठली हवी? पण नाही. आम्ही दूरदर्शन मालिकेतला लॉर्ड उचलून शनिवारवाड्यात आणून बसवणार.

पेशवेपद हेही मिळकत नव्हे. त्याची वस्त्रं साताऱ्याहून छत्रपतींकडून यावी लागत. म्हणून विश्वासराव वाचला असता तर पेशवा कोण, हा एक प्रश्न आणि घराण्याच्या मिळकतीत रघुनाथरावाचा वाटा किती, हा दुसरा. रघुनाथरावाने पुढे माधवरावाकडे राज्याचीच वाटणी मागितली होती, आणि पद व मिळकत यांचा हाच घोळ त्या सगळ्या भांडणाच्या मुळाशी होता. पानिपत जिंकल्यावर हे भांडण मिटलं असतं की दुप्पट पेटलं असतं? दुप्पट, असं माझं मत. कारण वाटायला जास्त असतं.

चूक दुसरी : मृत्युपत्र. मरणशय्येवरचा सरदार, कारकून दौतलेखणी घेऊन बसलेला, आणि "नालायक पोराला मी बेदखल करतो" असं कापऱ्या आवाजात सांगणं. सिनेमात छान दिसतं. पण आपल्या जुन्या शास्त्रात मृत्युपत्र हा प्रकारच नाही. हिंदूंच्या मृत्युपत्रांचा कायदा झाला तो १८७० साली, इंग्रजी अमलात. त्याआधी महाराष्ट्रात जे शास्त्र मानलं जाई त्यानुसार मुलाचा हक्क जन्मानेच लागतो. बापाने दिला म्हणून नव्हे, बाप मेला म्हणूनही नव्हे. तो जन्मला, की वाटेकरी झाला. बापाने कितीही आदळआपट केली तरी वडिलोपार्जित जमिनीतून त्याला बाहेर काढता येत नाही.

हा नियम ज्या ग्रंथातला, तो 'मिताक्षरा'. कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारातल्या विज्ञानेश्वराने लिहिलेली याज्ञवल्क्यस्मृतीवरची टीका. ती कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण. बंगालात चाले तो जीमूतवाहनाचा 'दायभाग'. तिथे बाप जिवंत असेतो मुलाला काही हक्क नाही. उलट नवरा निपुत्रिक वारला, तर एकत्र कुटुंबातल्या विधवेलाही त्याचा वाटा मिळे. आपल्याकडच्या एकत्र कुटुंबातल्या विधवेला मिळे ती पोटगी. वाटा राहिलेल्या पुरुषांत मुरून जाई. म्हणजे मराठा सरदार कलकत्त्यापर्यंत नेऊन पोचवलात, तर तिथल्या जमीनदाराच्या घरात कुठला नियम चालू ठेवणार, हे आधी ठरवा. घोडा पोचला म्हणून मिताक्षरा पोचत नाही!

चूक तिसरी, सगळ्यांत मोठी : बायका गप्प. इथे जरा थांबते, कारण खरं भांडण इथे आहे.

१७७३ च्या ३० ऑगस्टला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. हे आपण चौथीपासून शिकवतो. खाडिलकरांनी १९०९ साली त्यावर 'भाऊबंदकी' नाटक लिहिलं. पण खुनानंतरचे आठ महिने बघा. रघुनाथराव पेशवा झाला आहे. नारायणरावाची विधवा गंगाबाई गरोदर आहे. नाना फडणीस, सखारामबापू आणि बाकीच्या बारभाईंनी तिला पुरंदरावर नेऊन ठेवली. आता हिंदू शास्त्राप्रमाणे पोटातलं मूल, मुलगा झाला तर, बाप मेला त्या दिवशी जन्मलेलंच धरायचं. म्हणजे एका न जन्मलेल्या जिवावर बारभाईंचं अख्खं राजकारण उभं होतं. १८ एप्रिल १७७४ ला मुलगा झाला आणि चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावाला पेशवाईची वस्त्रं मिळाली. रघुनाथरावाच्या बाजूने त्या मुलाच्या खरेपणावर शंका घेतल्या गेल्या, रघुनाथराव इंग्रजांकडे गेला, मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला, आणि इंग्रज-मराठ्यांचं पहिलं युद्ध १७८२ पर्यंत चाललं.

आता मला सांगा, "असं झालं असतं तर" म्हणायला याहून मोठी जागा आहे का? गंगाबाईला मुलगी झाली असती तर!

गोळी नाही, तोफ नाही, एक बाळंतपण. मुलगी झाली असती तर बारभाईंच्या हातात एकच पान उरलं असतं : गंगाबाईने दत्तक घेणं. इथे कायदा काय म्हणतो ते पाहा, अगदी चौकटीतलं नाटक आहे. पश्चिम हिंदुस्थानात विधवेला नवऱ्याची स्पष्ट परवानगी नसली तरी दत्तक घेता येतो, असं इथले ग्रंथकार मानत. बंगालात परवानगी हवीच, मिथिलेत परवानगी असली तरी चालत नाही. चार प्रांत, चार मतं! पण विधवा एकत्र कुटुंबातली असेल तर? घरातल्या कर्त्या पुरुषांची संमती लागते की नाही, यावर पुढे मुंबईचं हायकोर्ट आणि प्रिव्ही कौन्सिल यांच्यात दशकंच्या दशकं वाद चालला. आणि गंगाबाईच्या घरातला कर्ता पुरुष कोण? रघुनाथराव. ज्याच्यावर नवऱ्याच्या खुनाचा आळ, त्याची संमती तिने मागायची!

त्यातून आणखी एक प्रश्न. खून करणाऱ्याला मेलेल्याचा वारसा मिळतो का? १९२४ साली मुंबई इलाख्यातल्याच एका खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने ठणकावून सांगितलं, मिळत नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात तर ते कलमच आहे. १७७४ साली हा प्रश्न रामशास्त्र्यांसमोर या शब्दांत आला असता तर? मी नातीला म्हटलं, "बाई गं, पानिपत सोड, हे लिही." ती म्हणाली, "आजी, यात लढाई कुठे आहे?" कपाळ माझं!

बरं, बाईच्या दत्तकावर राज्य हलल्याचं खरं उदाहरण शोधायला लांब जायला नको. ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव गेले, मूल नाही. रघुनाथरावाचा मुलगा बाजीराव नाना फडणिसाला नको होता. म्हणून १७९६ मध्ये नानाने लहानवयाच्या विधवा यशोदाबाईच्या मांडीवर कोण बसवला? बाजीरावाचा धाकटा भाऊ चिमाजी. नातं लावून पाहा : चिमाजी हा सवाई माधवरावांच्या वडिलांचा चुलतभाऊ. म्हणजे बाईने नवऱ्याचा चुलत चुलता मुलगा म्हणून घेतला! शास्त्री मंडळींनी तेव्हा मान डोलावली, आणि पुढे तेच दत्तकविधान रद्द ठरलं. मे महिन्यात चिमाजी पेशवा, डिसेंबरात बाजीराव पेशवा. पेशवाई बुडवणारा पेशवा गादीवर आला तो या असल्या वाटेने. तलवारबाजीवर तीनशे पानं खर्च करणाऱ्यांनी या दत्तकावर तीन तरी लिहिली आहेत का?

झाशीचं उदाहरण सर्वांना पाठ आहे, पण अर्धंच. गंगाधरराव २१ नोव्हेंबर १८५३ ला गेले, आदल्या दिवशी दत्तकविधान झालेलं. डलहौसीने दत्तक नामंजूर केला, असं आपण मुलांना सांगतो. तसं नव्हे! दत्तक मंजूर होता, पण खाजगी मिळकतीपुरता. दामोदरराव गंगाधररावांचा मुलगा म्हणून त्यांच्या चीजवस्तूचा वारस, राज्याचा मात्र नाही. राज्य कंपनीला. कायद्याच्या याच फटीत झाशी गेली. १८४८ साली अप्पासाहेब महाराज वारल्यावर त्यांचा दत्तक नाकारला आणि सातारा गेला तो याच युक्तिवादाने. आणि झाशीच्या राणीला १८५१ साली मुलगा झाला होता, तो काही महिन्यांतच गेला. तो जगला असता तर डलहौसीला खालसा करण्याचं हे निमित्त मिळालं नसतं. १८५७ चा उठाव झाशीत कसा झाला असता, राणी त्यात असती का, हा प्रश्न एका पाळण्याशी बांधलेला आहे. पण पाळण्यापाशी थांबायला आमच्या लेखकांना वेळ नसतो. त्यांना घोडा हवा.

यावर मला जी उत्तरं मिळतात ती ठरलेली आहेत.

पहिलं : "काकू, काल्पनिक आहे हो, काहीही चालतं." नाही चालत. भूमितीत आपण "समजा, अ ब क हा समभुज त्रिकोण आहे" म्हणतो. समजा म्हटलं म्हणून पुढच्या पायऱ्या हव्या तशा टाकता येतात का? गृहीत धरायची मोकळीक एकदाच असते, पुढे शिस्त. पक्ष बदला, पण मग सिद्धता नीट द्या.

दुसरं : "कायदा म्हणजे रुक्ष." ज्या भाषेत 'भाऊबंदकी' हा शब्द आहे, तिथे हे बोलता? आपल्या प्रत्येकाच्या घरात एक बांधाचं भांडण आहे, एक न बोलणारा काका आहे, एक तांब्याचा हंडा आहे ज्याच्यावरून दोन घरं तीस वर्षं तुटलेली आहेत. यात रुक्ष काय आहे?

तिसरं उत्तर मात्र मला चीड आणतं : "तेव्हा बायकांना हक्कच नव्हते, मग त्यात वाचायचं काय?"

वाचलं असतंत तर हे बोलला नसता! मी गोड बोलणार नाही. भाऊ असेल तर बहिणीला वडिलोपार्जित जमिनीत वाटा नव्हता, लग्नाचा खर्च होता. हे खरं आहे आणि ते अन्यायाचं होतं. पण सगळं तेवढंच नव्हतं. वाटणी करून वेगळा झालेला माणूस मुलगा नसताना वारला, तर वारस कोण? शास्त्राचा क्रम असा : आधी पत्नी, मग मुली, मग आईवडील, मग भाऊ. भाऊ आणि पुतणे मुलींच्या मागे! आईच्या स्त्रीधनावर तर पहिला हक्क लेकीचा, त्यातही बिनलग्नाच्या लेकीचा.

आणि आपल्या पश्चिम भागात याहून पुढची पायरी होती. सतराव्या शतकात नीलकंठभट्टाने 'व्यवहारमयूख' लिहिला. काशीला राहणारं, पण मूळचं पैठणचं घराणं. त्याने बहिणीला वारसांत धरलं, का तर ती भावाच्याच गोत्रात जन्मली म्हणून. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकणात मयूखाचा शब्द वरचढ, बाकीच्या महाराष्ट्रात मिताक्षरेच्या खालोखाल. मुंबई इलाख्यात वारसाने मिळालेली मिळकत मुलीची पूर्ण मालकीची होई. दुसऱ्या प्रांतांत तिला ती फक्त हयातीपुरती मिळे. हे १९५६ च्या आधीचं सांगते आहे.

मग "मुलींच्या नावावर जमीन नाही" ही समजूत इतकी घट्ट कशी झाली? कारणं पुष्कळ आहेत, रूढी होतीच. पण एक कागद दाखवते. १८८६ साली मुंबई सरकारने वतन कायद्यात दुरुस्ती केली. तिच्यामुळे वतनदार घराण्यातली, शेवटच्या मालकाची विधवा सोडून, प्रत्येक स्त्री वारसक्रमात घराण्यातल्या प्रत्येक पात्र पुरुषाच्या मागे ढकलली गेली. वतनापुरतं जिथे शास्त्राने लेकीला पुढे ठेवलं होतं, तिथे सरकारी ठरावाने तिला रांगेच्या शेवटी नेलं. हा मनूचा नियम नव्हे, इंग्रज सरकारचा आहे आणि त्याला साल आहे. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या कुणाचं नाव लागलं असतं, तीन वर्षांनी दुसऱ्या कुणाचं. कादंबरीकाराला याचं सोनं करता यायला हवं.

विधवेचंही तसंच. कादंबरीतल्या विधवेचं १८५६ नंतर धडाक्यात पुनर्लग्न लावून देता. छानच. पण त्याच १८५६ च्या कायद्याने पुनर्लग्न करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क जाई. ती मंडपात उभी आहे आणि बाहेर दीर आनंदाने टाळ्या वाजवतो आहे, हे तुमच्या कादंबरीत का दिसत नाही?

आता कुणी म्हणेल, बाई कादंबरीवर एवढ्या का तापल्या. सांगते.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे. गाव सांगत नाही, नाव तर नाहीच. वडिलांना दोन मुली, मुलगा नाही, आई आधीच गेलेली. वडिलांच्या आणि चुलत्यांच्या वाटण्या होऊन वीस वर्षं उलटलेली, सातबारे वेगळे. वडील गेल्यावर तेराव्याच्या जेवणाला चुलतभावांनी विषय काढला : "आपल्यात मुलींच्या नावावर जमीन जात नाही. पूर्वापार असंच आहे." दोघी बहिणींनी कागदावर सह्या केल्या. साडीचोळी मिळाली. मला हे सगळं तिने वर्षभराने सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "बाई, इतिहासात असंच होतं ना? मी वाचलंय." कुठे वाचलंस, विचारलं. तर ऐतिहासिक कादंबऱ्यांची चार नावं तिने सांगितली.

१९५६ च्या कायद्याने त्या दोघी पहिल्या वर्गातल्या वारस, चुलतभाऊ कुठल्या कुठे. आजचा कायदा सोडा, त्यांच्या वडिलांच्या परिस्थितीत दोनशे वर्षांपूर्वीच्या शास्त्र्याने जरी निकाल दिला असता तरी वाटणी झालेल्या माणसाच्या मुली पुतण्यांच्या आधी लागल्या असत्या! "पूर्वापार" हा शब्द खोटा होता. पण तो खोटा आहे हे सांगायला तिच्याजवळ एकही गोष्ट नव्हती. वकील नंतर लागतो, आधी गोष्ट लागते. चारचौघांत "नाही, पूर्वी असं नव्हतं" म्हणण्याइतकं बळ माणसाला गोष्टीतून येतं. म्हणून मी कादंबरीवर तापते.

पानिपतावर गोळीची दिशा फिरवण्याइतकी ज्याची कल्पना धावते, त्याला वडिलांच्या मागे शेत सांभाळणारी लेक सुचत नाही. आणि ती तर कल्पनाही करायला नको, ग्रंथात लिहून ठेवली आहे.

शोधायचं कुठे, असं विचारणाऱ्यांसाठी दोन ओळी. महामहोपाध्याय काण्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा तिसरा खंड. त्यांनीच संपादित केलेला व्यवहारमयूख. रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिकांचं १८८० चं मयूखाचं भाषांतर. आणि सगळ्यांत गमतीचं, स्टील साहेबाचं १८२७ चं पुस्तक. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी दख्खनेत शास्त्र्यांना आणि जातीजातींच्या पुढाऱ्यांना विचारून कुणात काय चाल आहे ते लिहून घेतलं, ते त्यात आहे. ब्राह्मणांत एक, कुणब्यांत दुसरं. पाट लावलेल्या बाईच्या मुलांचं काय, सोडचिठ्ठीचं काय. शास्त्र एकीकडे आणि चाल एकीकडे, हे त्यात पानोपानी दिसतं. त्याच साली मुंबई सरकारने नियम केला की दिवाणी दाव्यात आधी देशाची चाल बघायची. एवढं वाचायला एक पावसाळा पुरतो. माझे डोळे अधू आहेत, तरी मला पुरला.

आणि विषय हवे असतील तर फुकट देते. गंगाबाईला मुलगी. झाशीचा पाळणा. १८८६ ची दुरुस्ती झालीच नाही तर एका पाटलाच्या घरात काय होतं. किंवा हा घ्या : डॉ. आंबेडकरांचं हिंदू कोड बिल १९५१ मध्येच संमत झालं असतं तर? जन्मसिद्ध हक्काची मिताक्षरेची पद्धत मोडून टाकायचा त्यांचा विचार होता. बिल बारगळलं, सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. १९५६ ला कायदा झाला, पण एकत्र कुटुंबाची मिळकत मुलग्यांकडेच राहिली. महाराष्ट्राने १९९४ ला दुरुस्ती केली, पण तोवर लग्न झालेल्या मुलींना वगळून. देशाने केली २००५ ला. मुलीचा हक्क जन्मानेच आहे, २००५ ला वडील हयात असोत वा नसोत, हे सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं ऑगस्ट २०२० मध्ये. १९५१ ते २०२० हे अंतर मोजा. या अंतरात लग्न होऊन गेलेल्या, सह्या करून गेलेल्या बायका किती? माझ्या वयाच्या सगळ्या त्यात आल्या. "असं झालं असतं तर" हा प्रश्न आमच्यासाठी करमणुकीचा नाही.

आणि दुसरा इतिहास कसा दिसतो हे बघायचंच असेल तर तेरेखोलची खाडी ओलांडा. गोव्यात १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा १८७० पासून लागू झाला. त्यात वारसाहक्कात मुलगा-मुलगी भेद नाही, आणि मुलं असताना आईबापांना निम्म्याहून जास्त मिळकत मृत्युपत्राने कुणाला देता येत नाही. १९६१ ला गोवा मुक्त झाला तरी तो कायदा राहिला. वारसाचा भाग पुढे २०१२ च्या गोव्याच्या स्वतःच्या कायद्यात आला. बहिणींकडून सह्या घेणं तिथेही चालतं म्हणतात. कायदा बदलला म्हणून भाऊ लगेच बदलतात असं नाही. पण कादंबरीकाराला हवा तो फरक, नदीच्या अलीकडचं घर आणि पलीकडचं घर, बसच्या तिकिटाच्या अंतरावर मांडून ठेवलेला आहे.

तर लेखक मंडळी, पानिपत खुशाल जिंका. अटकेपार जा, काबूलला जा, आमचं काही म्हणणं नाही. फक्त परत आल्यावर वाड्यातल्या बायकांना विचारा की तुम्हाला काय मिळालं, आणि त्याचं उत्तर शोधूनच लिहा.

नातेवाईकांपैकी जे हे वाचतात (वाचता, मला कळतं!) त्यांना एवढंच : पुढच्या महिन्यात ज्या कागदावर आमच्या घरातल्या दोन मुलींच्या सह्या व्हायच्या आहेत, तो आधी मला दाखवा. चष्मा लावून बसते.